कुरणातील पालाश

पिकाला खत लागते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ किंवा १९:१९:१९ असे आकडे छापलेले असतात, तेही तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांतील पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा आणि तिसरा पालाशाचा. नत्राचा गुण चटकन डोळ्यांत भरतो. चार दिवसांत पाने हिरवीगार दिसू लागतात. पालाशाचे काम मात्र गुपचूप चालते. त्यामुळे या तिसऱ्या आकड्याची कोणी फारशी विचारपूस करीत नाही.

पण पिकांचे राहू द्या. डोंगरउतारावरच्या गवताला, बांधावरच्या टाकळ्याला आणि रानातल्या वेलींना कोणी खत घालीत नाही. त्यांनाही पालाश लागतोच. मग जमिनीत तो कमी पडला, तर तो सर्वांना सारखाच कमी पडतो काय? की एक रोप उपाशी राहते आणि त्याला खेटून उभे असलेले दुसरे त्याच मातीत सुखाने वाढते? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका कुरणाने फार चांगले दिले आहे. ते द्यावयास त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली, ही गोष्ट वेगळी.

त्या कुरणात शिरण्यापूर्वी पालाश म्हणजे काय, ते पाहू. लाकूड जाळले की राख उरते. ही राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून आटवले, तर भांड्याच्या तळाशी पांढरट क्षार राहतो. युरोपात तो साबण व काच करण्यासाठी वापरीत. भांड्याला इंग्रजीत पॉट म्हणतात आणि राखेला ॲश. म्हणून त्या क्षाराचे नाव पडले पोटॅश. सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८०७ साली वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा चांदीसारखे चकाकणारे बारीक मणी बाहेर पडले आणि पडताक्षणीच पेट घेऊ लागले. ते एक नवे मूलद्रव्य होते. ते पाहून डेव्ही प्रयोगशाळेत आनंदाने नाचू लागला, असे त्याच्या एका नातेवाइकाने सांगून ठेवले आहे. या मूलद्रव्यालाच पोटॅशियम म्हणतात, आणि आपल्या शेतीच्या भाषेत ते ज्या रूपाने येते तो पालाश. कोकणातील शेतकरी भाताचे रोप टाकण्यापूर्वी पालापाचोळा, कवळे आणि शेण पसरून राब भाजतो. त्या जाळात नत्राचा बराचसा भाग हवेत निघून जातो. पालाश मात्र राखेत शिल्लक राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर रोपांच्या मुळांशी जातो. डेव्हीचे नावही न ऐकलेल्या माणसांना राखेचा हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

वनस्पतीच्या शरीरात पालाशाची वागणूक इतर द्रव्यांहून निराळी असते. नत्र प्रथिनांत जाऊन बसतो, चुन्याचा अंश पेशींच्या भिंतींत अडकतो. पण पालाश कोणत्याही पदार्थाचा कायमचा घटक होत नाही. तो झाडाच्या रसात विरघळलेलाच राहतो आणि जिकडे काम पडेल तिकडे जातो. पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस दोन पेशी दाराच्या दोन फळ्यांसारख्या असतात. या पेशींत पालाश शिरला की त्याच्यामागून पाणी शिरते, पेशी फुगून वाकतात आणि दार उघडते. पालाश बाहेर गेला की दार मिटते. हवा आत घ्यावयाची किती आणि पाण्याची वाफ बाहेर सोडावयाची किती, हे अशा रीतीने ठरते. पानात तयार झालेली साखर मुळांपर्यंत पोचविण्यासही पालाश लागतो. निरोगी पाने वाळवून त्यांचे वजन केले, तर त्यात शेकडा १ ते ५ भाग पालाश असतो.

पालाश असा हिंडता-फिरता असल्यामुळे तो अपुरा पडला की झाड एक युक्ती करते. ते जुन्या पानांतला पालाश काढून घेते आणि कोवळ्या पानांना देते. म्हणून पालाशाची उपासमार प्रथम खालच्या, जुन्या पानांवर दिसते. त्यांच्या कडा पिवळ्या पडतात, मग करपतात. शेंड्याकडची पाने मात्र काही दिवस अगदी ताजीतवानी राहतात. वरवर पाहणाऱ्याला झाड ठीकच वाटते, आणि तेथेच तो फसतो.

आता कुरणाकडे वळू. लंडनच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर हार्पेंडन नावाचे गाव आहे. त्याच्या लगतच रोठॅमस्टेडची जहागीर. तिचा मालक जॉन बेनेट लॉज याला लहानपणापासून रसायनांचा नाद होता. हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपर फॉस्फेट नावाचे खत बनविण्याची कृती त्याने शोधली आणि १८४२ साली तिचे एकस्व घेतले. १८४३ साली त्याने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञाला आपल्याकडे बोलावून घेतले. तेव्हापासून १९०० साली लॉज वारला तोपर्यंत, म्हणजे ५७ वर्षे, दोघांनी मिळून शेतीचे प्रयोग केले. दोन बुद्धिमान माणसे इतकी वर्षे एकाच कामाला जुंपून राहतात, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही शोधाइतकीच मोठी वाटते.

जहागिरीच्या आवारात सुमारे २.८ हेक्टरांचे, म्हणजे जवळजवळ सात एकरांचे, एक कुरण होते. ते निदान शंभर वर्षे नांगरलेले नव्हते. तेथे कोणी बी पेरले नव्हते; गवते, वेली आणि फुलझाडे जी होती ती आपोआप उगवलेली होती. सर्व कुरण एकसारखे दिसत असे. १८५६ साली लॉज व गिल्बर्ट यांनी त्याचे तुकडे पाडले. काही तुकड्यांना काहीच द्यावयाचे नाही असे ठरले. काहींना नुसता नत्र, काहींना पालाश, स्फुरद, सोडियम आणि मॅग्नेशियम, तर काहींना हे सर्व अधिक नत्र, अशी निरनिराळी खते दरवर्षी द्यावयाची होती. जूनच्या मध्यास गवत कापावयाचे, वाळवावयाचे आणि वजन करावयाचे, असा नियम घालून दिला. दोन माणसांची ही योजना त्यांच्यामागेही चालू राहिली. दोन महायुद्धे होऊन गेली, राणीच्या जागी राजे व राजांच्या जागी राणी आली. कुरणातील प्रयोग आजही चालू आहे.

या दोघांचा हेतू साधाच होता. कोणत्या खताने गवत किती वाढते, हे त्यांना पाहावयाचे होते. परंतु दोन-तीन वर्षांतच तेथे जे दिसू लागले त्याने ते चकित झाले. गवत कमी-अधिक वाढले होते हे खरेच. पण तुकड्यातुकड्यांतील वनस्पतीच बदलल्या होत्या! एका तुकड्यात उंच गवतांची गर्दी, दुसऱ्यात पिवळ्या व तांबड्या फुलांची दाटी, तिसऱ्यात बारीकसारीक रोपांची नुसती खिचडी. जणू काही प्रत्येक तुकड्यात वेगळे बियाणे पेरले असावे. पेरले तर कोणीच काही नव्हते.

मग गवताचे नुसते वजन करून भागेना. कापलेल्या गवताचा नमुना घेऊन त्यातील काडीन् काडी जातीप्रमाणे वेगळी करावयाची आणि प्रत्येक जातीचे वजन करावयाचे, असे किचकट काम त्यांनी अंगावर घेतले. १८६२, १८६७, १८७२ आणि १८७७ या चार वर्षी सर्व तुकड्यांची अशी संपूर्ण निवडणूक करण्यात आली. तांदळातले खडे वेचून ज्यांना कंटाळा येतो त्यांनी या कामाची कल्पना करून पाहावी.

या कुरणातील दोन तुकडे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्यांचे क्रमांक ७ आणि ८. दोघांनाही स्फुरद, सोडियम व मॅग्नेशियम मिळते. नत्र दोघांनाही मिळत नाही. फरक एवढाच की सातव्याला दरवर्षी पालाशही मिळतो, आणि आठव्याचा पालाश १८६२ पासून बंद आहे. पालाशाचे प्रमाण हेक्टरी २२५ किलो, म्हणजे एकरी सुमारे ९० किलो. बाकी माती तीच, पाऊस तोच, कापणीचा दिवसही तोच. तेव्हा या दोन तुकड्यांत जो काही फरक पडेल, त्याचे मूळ पालाशातच शोधावे लागेल. चांगल्या प्रयोगाची खूण ही, की त्यात एकच गोष्ट बदललेली असते.

सातव्या तुकड्यात शेंगा धरणाऱ्या वनस्पती मातल्या. त्यांत मुख्य दोन. एक तांबडा क्लोव्हर. आपल्याकडे दुभत्या जनावरांना बरसीम नावाचा चारा घालतात, त्याचा हा भाऊबंद. दुसरी गवताच्या आधाराने चढणारी, पिवळ्या फुलांची एक रानटी वेल. विदर्भातील मुलांना लाख किंवा लाखोळी हे कडधान्य माहीत असेल. ही वेल त्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण शोभावी अशी आहे. दोघी एकाच प्रजातीतल्या. आठव्या तुकड्यात हीच रोपे आहेत, पण फार थोडी आणि किरकोळ. तेथे गवतांचाच वरचष्मा आहे, आणि गवतही काही फार जोमदार नाही. म्हणजे पालाश नसल्याचा फटका सर्वांना बसला, परंतु शेंगावाल्या कुळाला तो सर्वांत अधिक बसला.

असे का व्हावे? याचे कारण जमिनीखाली दडलेले आहे. गवताचे एक ठोंब हलकेच उपटून पाहा. त्याच्या तळाशी केसांसारख्या बारीक तंतुमुळांचा भला मोठा झुपका दिसेल. आता टाकळा किंवा एखादे मुगाचे रोप उपटा. त्याला एक सोटमूळ असते आणि त्याला फुटलेल्या थोड्या जाड फांद्या. मातीतला पालाश पाण्यातून मुळाकडे सरकतो खरा, पण फार हळू. मुळापासून काही थोड्या मिलिमीटरांच्या आतला असेल, तोच त्याच्या हाती लागतो. त्यामुळे ज्याची मुळे अधिक बारीक, अधिक लांब आणि अधिक दाट, त्याने अधिक माती चाळून काढली असे होते. पालाश भरपूर असेल तोवर याने काही बिघडत नाही, कारण दोघांनाही पोटभर मिळतो. तो कमी झाला की मात्र गवत आधी जेवून उठते आणि क्लोव्हरच्या पानात काही उरत नाही. अशा उपाशी क्लोव्हरच्या जुन्या पानांच्या कडेने पांढरे ठिपके उमटतात. पाहणाऱ्याला रोग पडला असे वाटते. पण ती भूक असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. कुंडीत एकटेच लावले, तर क्लोव्हरचे रोप थोड्या पालाशावरही कसेबसे निभावून नेते. कुरणात ते एकटे नसते. तेथे त्याचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या गरजेवर जितके अवलंबून, तितकेच शेजाऱ्याच्या मुळांवर अवलंबून. रानातील वनस्पतींचा अभ्यास कुंडीतल्या अभ्यासाहून अवघड होतो तो यामुळेच.

सातव्या तुकड्यातील आणखी एका प्रकाराने लॉज आणि गिल्बर्ट यांना पुरते कोड्यात टाकले होते. त्या तुकड्याला नत्राचा कणही दिला जात नव्हता. तरीही त्यातून निघणाऱ्या गवतात नत्र भरपूर सापडे. हा नत्र आला कोठून? शेंगावाल्या वनस्पती तो हवेतून घेत असाव्यात, अशी शंका त्यांना आली आणि १८५७ पासून त्यांनी इव्हान प्यू या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिची परीक्षा केली. प्रयोगात कसलीही भेसळ राहू नये म्हणून त्यांनी माती चांगली भाजून घेतली आणि रोपे काचेच्या घुमटाखाली वाढविली. उत्तर आले, की वनस्पती हवेतला नत्र घेत नाहीत. प्रयोग इतका काळजीपूर्वक केला होता की पुढे कित्येक वर्षे कोणाला त्यावर बोट ठेवता येईना. खरी मेख त्या काळजीतच होती. माती भाजताना तिच्यातले जिवाणूही भाजून निघाले होते. हेलरीगेल व विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिले, की शेंगावाल्या रोपांच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांत सूक्ष्म जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र तेच पकडतात. भुईमुगाचा किंवा हरभऱ्याचा वेल उपटून या गाठी तुम्हांलाही पाहता येतील. या जिवाणूंना रोप आपली साखर खाऊ घालते. आणि साखर पानांतून मुळांपर्यंत वाहून नेण्यास पालाश लागतो, हे आपण मघाशी पाहिले. पालाशाची साखळी अशी नत्रापर्यंत जाऊन पोचते. त्यामुळेच नत्र न घेणाऱ्या सातव्या तुकड्याचे उत्पन्न, हेक्टरी ९६ किलो नत्र घेणाऱ्या तुकड्याच्या जवळपास जाते.

त्या कुरणात पालाशावर जगणारे दुसरेही एक कुळ आहे. डँडेलियन हे नाव तुम्ही इंग्रजी पुस्तकात वाचले असेल. त्याच्या पानांच्या कडा दातेरी असतात, म्हणून फ्रेंच लोकांनी त्याला सिंहाचा दात म्हटले. त्याचाच हा इंग्रजी अपभ्रंश. फूल पिवळेधमक, देठ पोकळ, तोडला की पांढरा चीक येतो, आणि फूल सुकले की बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात. आपल्याकडे शेतात उगवणारी पाथरीची रानभाजी त्याच गोतावळ्यातली. युरोप-अमेरिकेत लोक घरापुढे हिरवळ राखतात, आणि तीत हे रोप घुसले की त्यांना ते तण वाटते. मग त्यावर विषारी औषधे फवारतात.

रोठॅमस्टेडच्या कुरणात हे रोप सर्व तुकड्यांत सारखे पसरलेले नाही. जेथे पालाश दिला जातो आणि जमिनीत चुना घालून तिची आम्लता कमी केलेली आहे, तेथेच ते फोफावते. एलिझाबेथ टिल्मन, डेव्हिड टिल्मन, मायकेल क्रॉली आणि जॉन्स्टन या संशोधकांनी या नोंदी तपासल्या. आणि त्यांच्या जोडीला काचगृहात डँडेलियन व हिरवळीतली गवते वेगवेगळ्या खतांवर वाढवून पाहिली. पालाश तोडला तेव्हा डँडेलियनची वाढ गवतांपेक्षा फार अधिक खुंटली. १९९९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि सुचविले, की ज्याला हिरवळीतून हे रोप घालवावयाचे असेल त्याने विष फवारण्याऐवजी पालाश नसलेले खत वापरून पाहावे. गवत उरलेला पालाश खाऊन टाकील आणि तणाला उपाशी पाडील. अर्थात जमिनीतच पालाशाचा मोठा साठा असेल तर ही युक्ती चालणार नाही, आणि चालली तरी ती एका हंगामात फळ देत नाही. पण शत्रूला मारण्यापेक्षा त्याचे जेवण शेजाऱ्याच्या पुढे सरकविणे ही कल्पना मोठी चतुर आहे, यात शंका नाही.

आतापर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग पालाश द्यावा आणि खुशाल राहावे. परंतु कुरणातील काही रोपांचे यावर वेगळे म्हणणे पडेल. त्याच शेंगावाल्या कुळात पक्ष्याच्या पंजासारख्या शेंगांचे, ठेंगणे, पिवळ्या फुलांचे एक रोप आहे. क्लोव्हर आणि लाखोळीची बहीण पालाशाने उंच वाढतात. हे बिचारे जमिनीलगत राहते. दाट गवतात त्याच्यापर्यंत ऊन पोचत नाही. म्हणून ते खत न दिलेल्या तुकड्यांत अधिक सापडते. कूळ एक असूनही एकाला जे अन्न, ते दुसऱ्याला संकट! ज्या तुकड्यांना १८५६ पासून काहीच दिलेले नाही, त्यांत गवत सर्वांत कमी निघते, पण सुमारे ४० जातींच्या वनस्पती तेथे एकत्र नांदतात. उलट, जेथे भरपूर अमोनियम सल्फेट घातले आणि चुना कधीच घातला नाही, तेथली जमीन इतकी आंबट झाली की दोन-तीन जातींची गवतेच तेवढी टिकली. फुलांचा तेथे मागमूसही नाही.

हा विचार आपल्या कास पठारालाही लागू पडतो. साताऱ्याजवळचे हे पठार, पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर, २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. तीत अन्न इतके थोडे, की दवबिंदू आणि सीतेची आसवे ही रोपे बारीक किडे पकडून आपली गरज भागवितात. त्या पठारावर कोणी खताची पोती रिकामी केली, तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

जमिनीतला पालाश येतो खडकांतून. अभ्रक आणि फेल्डस्पार या खनिजांत तो कोंडलेला असतो. ऊन-पावसाने खडक झिजला की थोडाथोडा सुटतो. देशावरच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती त्याला धरून ठेवते, म्हणून तेथे तो सामान्यतः चांगला असतो. कोकणच्या तांबड्या जांभ्या जमिनीतून तो मुसळधार पावसाबरोबर वाहून जातो. राबाची पद्धत कोकणातच का रुजली, याचे एक कारण यात असावे असे मला वाटते.

कुरणातून गवत कापून नेले की त्याच्याबरोबर पालाशही जातो. वाळलेल्या गवताच्या एका टनात तो सुमारे १५ ते २५ किलो असतो. गुरे तेथेच चारली तर त्यांच्या मूत्रावाटे त्यातला बहुतेक भाग जमिनीला परत मिळतो. गाडीत भरून गंजीला गेलेल्या गवताचा मात्र परत येत नाही. शेताचेही तसेच. काढलेल्या पिकाची भरपाई करावयाची म्हटले तर पालाश बाहेरून आणावा लागतो, आणि भारताला लागणारा खनिज पालाश जवळजवळ सगळाच परदेशांतून येतो. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्राएल अशा देशांच्या खाणींतून आणि खाऱ्या सरोवरांतून. पोत्यावरच्या तिसऱ्या आकड्यासाठी जहाजे समुद्र ओलांडून येतात. त्या दृष्टीने पाहिले, तर चुलीतली किंवा गुऱ्हाळातली राख उकिरड्यावर फेकणे हे महागाचे काम आहे.

रोठॅमस्टेडच्या कुरणाची निगा लॉज आणि गिल्बर्ट यांच्यानंतर अनेकांनी राखली. विनिफ्रेड ब्रेंचली ही वनस्पतिशास्त्रज्ञ १९०६ साली तेथे आली. शेतीसंशोधनात स्त्रिया क्वचितच दिसत असा तो काळ. कोणत्या खताने कोणत्या वनस्पतींना बळ येते, याचे तपशीलवार पुस्तक तिने १९२४ साली लिहिले. तिच्या पश्चात कॅथरीन वॉरिंग्टन हिने नव्या नोंदी घालून ते १९५८ साली पुन्हा सिद्ध केले. १९०३ पासून तुकड्यांच्या अर्ध्या भागाला नियमाने चुना देऊ लागले, आणि १९६५ पासून प्रत्येक तुकड्याचे चार भाग करून त्यांत आम्लतेच्या चार पायऱ्या राखण्यात आल्या.

दरवर्षी कापलेल्या गवताचा थोडा नमुना वाळवून जपून ठेवण्याची प्रथा मात्र लॉज आणि गिल्बर्ट यांच्याच वेळेपासूनची आहे. धान्य, माती आणि गवत मिळून असे तीन लाखांहून अधिक नमुने तेथील कोठारात बाटल्यांतून व डब्यांतून रचून ठेवले आहेत. आजचा एखादा विद्यार्थी फळीवरची बाटली काढतो, तिच्यातले एकोणिसाव्या शतकातले गवत चिमूटभर घेतो, आणि त्या उन्हाळ्यात त्या पानांना पालाश किती मिळाला होता ते मोजून पाहतो.